म्हशींची डॉक्टर व्हायचं होतं, नीटमध्ये मार्क कमी पडले. दापोलीला ॲग्री घेऊ का?

वाडीतली_पोर
१६ जून, रात्री ९.४२

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी गुहागर तालुक्यातली, बारावी सायन्स चिपळूणला झालं. घरी दोन म्हशी, एक गावठी गाय, अकरा शेळ्या, आणि कोंबड्या कोण मोजतंय.

मला पहिल्यापासून जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. गेल्या पावसात आमची म्हैस अडली, रात्री साडेदहाला डॉक्टर आले, लाईट गेलेले, बाबांनी बॅटरी धरलेली, मी गरम पाण्याची बादली घेऊन उभी, आणि डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हात आत घालून रेडकाची मागे वळलेली मान सरळ केली आणि मग आम्ही तिघांनी मिळून ओढलं. रेडी झाली. तिचं नाव आम्ही बॅटरी ठेवलंय. तेव्हापासून माझं डोकं दुसरीकडे लागतच नाही.

पण नीटमध्ये मार्क कमी पडले, वेटरनरीला लागतील असं वाटत नाही. सीईटी पीसीबी चांगली गेलीय. आत्याचे मिस्टर म्हणाले दापोलीला ॲग्री घे, तिथे पशुसंवर्धन आणि दुग्धशास्त्र असा विभागच आहे, त्यात एमएससी केलीस की झालीस जनावरांची डॉक्टर, तेच आहे ते. खरंच तेच आहे का?

दुसरं म्हणजे बाबा म्हणतात शेती शिकायला कॉलेज कशाला, माझ्या पाठी चार पावसाळे फिर, फुकटात शिकशील. त्यांना काय सांगू?


विरारलोकल
१६ जून, रात्री १०.०५

ॲग्री घे, पहिल्या वर्षापासून एमपीएससीचा क्लास लाव. सगळे तेच करतात. शेती कोण करतं.


पशुवैद्य_रात्रपाळी
१७ जून, रात्री १२.३०

ताई, आधी स्पष्ट सांगतो, नाहीतर पुढची सहा वर्षं गैरसमजात जातील. तेच नाही ते. मी रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात आहे (कुठल्या ते विचारू नका, इथे पण लोक गाय घेऊन येतील).

जनावरांचा डॉक्टर म्हणजे बीव्हीएससी अँड एएच. साडेपाच वर्षं, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. ही पदवी आपल्याकडे नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची, लोक माफसू म्हणतात. त्यांची कॉलेजं मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ अशी आहेत. मुंबईचं परळचं कॉलेज तर १८८६ सालचं. प्रवेश नीटच्या मार्कांवर, ८५ टक्के जागा राज्याच्या, १५ टक्के देशपातळीवरच्या. दापोलीचं कृषी विद्यापीठ हे पूर्ण वेगळं घर आहे. तिथे पशुसंवर्धन शिकवतात, एमएससी, पीएचडीपर्यंत शिकवतात, पण ते जनावर वाढवण्याचं शास्त्र आहे: पैदास, खाद्य, गोठा, दूध. उपचाराचा परवाना त्यातून मिळत नाही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे परिषदेकडे नाव नोंदलेला पदवीधरच उपचार करू शकतो. पदविकावाले पर्यवेक्षक काही ठरावीक किरकोळ कामं करतात, तीसुद्धा डॉक्टरच्या देखरेखीखाली. पशुधन विकास अधिकारी या पोस्टलाही पशुवैद्यकाचीच पदवी लागते. तेव्हा आत्याच्या मिस्टरांना नमस्कार सांग, पण त्यांचं ऐकू नकोस.

तू जे रात्री बघितलंस त्यात माझ्यासारख्याच्या कामाचा फार छोटा भाग दिसतो. आमचं पहिलं वर्ष शरीररचनेत गेलं, फॉर्मलिनमधल्या जनावरावर दिवसभर काम, संध्याकाळी मेसच्या पोळीलाही फॉर्मलिनचा वास. २०२२ ला लम्पी आला तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचत फिरलो, आपल्या कोकणात जनावर मोकाट, एक गाय पकडायला चार माणसं नि अर्धा तास, लस टोचायला दोन सेकंद. त्यात हौस असेल तर एक वर्ष रिपीट कर. पण एकच. तीन तीन वर्षं नीट देत बसलेली मुलं बघितलीत मी.

अजून एक आहे पण ते उद्या लिहितो, फोन आलाय.


जांभाचिरा
१७ जून, सकाळी ७.१५

डॉक्टरसाहेबांनी अर्धं काम केलं. ॲग्रीचं मी सांगतो. मी दापोलीचाच, नव्वदच्या दशकातली बॅच, आता पावसजवळ स्वतःची आंब्याची कलमं आहेत, पगारदार नाही.

दापोलीचं शेती कॉलेज १९६५ चं, विद्यापीठ १८ मे १९७२ चं. त्या आधी आपला माणूस शेती शिकायला घाटावर जायचा आणि ऊस-कापसाचं शिकून यायचा, आणि इथे येऊन बघतो तर जांभा दगड, सपाटून पाऊस, आम्ल माती आणि उतारावरची दहा गुंठे. त्यामुळे कोकणासाठी वेगळं विद्यापीठ ही चैन नव्हती. बाळासाहेब सावंत, जे राज्याचे कृषिमंत्री होते आणि आपल्या जिल्ह्यातले, त्यांचं नाव नंतर दिलं.

पदवी चार वर्षांची, आठ सेमिस्टर. प्रवेश सीईटीवर. सातबारा असेल तर वाढीव गुण मिळत आलेत, त्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाच आणि तलाठ्याकडे आत्ताच जा. आमच्या सातबाऱ्यावर एकतीस नावं होती, त्यातली सात मयत आणि दोन 'ठावठिकाणा माहीत नाही'. माझं नाव शोधायला क्लार्कला चष्मा बदलावा लागला होता.

शिकवतात काय तर सगळंच थोडं थोडं. मृदाशास्त्र, किडी, रोग, फळबाग, भात, हवामान, शेतीचं अर्थशास्त्र, विस्तार (म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत माहिती पोचवणं), पशुपालन, अवजारं. विरारलोकल म्हणतात तसे एमपीएससीकडे पळणारे खूप, ते खोटं नाही. बँकेत कृषी अधिकारी होतात, खत-औषधांच्या कंपन्यांत जातात, कृषी सेवा केंद्र काढतात कारण कीटकनाशक विक्रीच्या परवान्याला ही पदवी चालते. माझ्या बॅचमधले शेती करणारे हातावर मोजण्याइतके. पण आम्ही आहोत.

आता बाबांचं. बाबांना एक प्रश्न विचार. घरी हापूस असेलच. कल्टार किती घालता?


वाडीतली_पोर
१७ जून, दुपारी १.२०

डॉक्टर काका, जांभाचिरा काका, खूप आभार. वाईट वाटलं पण बरं झालं आत्ताच कळलं. बाबांना विचारलं. म्हणाले "झाडाकडे बघून घालतो." नंतर म्हणाले "अर्धं बूच, मोठ्याला पाऊण बूच, तुला कशाला पंचायत."


जांभाचिरा
१७ जून, दुपारी २.४०

हां. हेच अपेक्षित होतं, मी स्वतः आणि माझ्या वडलांनी तेच केलंय. आता ऐक. कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल, ते झाडाची नुसती पालवी वाढणं आवरतं म्हणून मोहोर लवकर नि जास्त येतो. विद्यापीठाची शिफारस आहे झाडाच्या पसाऱ्याच्या व्यासाच्या दर मीटरला ०.७५ ग्रॅम मूळ औषध, म्हणजे बाटलीतलं ३ मिली. १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या मध्ये. दोरी घ्यायची, झाडाच्या एका बाजूच्या पानाच्या टोकापासून दुसऱ्या बाजूच्या टोकापर्यंत खालून जमिनीवर मोजायचं, उत्तर-दक्षिण एकदा, पूर्व-पश्चिम एकदा, दोन्हीची सरासरी. आठ मीटर आलं तर २४ मिली. झालं. पाण्यात मिसळून बुंध्याभोवती छोटे खड्डे करून ओतायचं. जो अर्धं बूच घालतो त्याला कमी पडतं आणि तो म्हणतो औषध बोगस, जो अंदाजाने बाटली रिकामी करतो त्याचं कलम दोन-तीन वर्षांत आखडतं, पेरं तोकडी होतात, पानं गुच्छ करून बसतात, आणि वर खत नाही घातलं तर झाड खलास. मग म्हणायचं विद्यापीठानं वाटोळं केलं.

बाबांचे चार पावसाळे वाया नाहीत गं. ढग बघून फवारणी थांबवायची कधी हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही, ते वडलांकडून. पण बाटलीवरचं २५ टक्के म्हणजे काय, हे वडलांना मी सांगितलं.


विरारलोकल
१७ जून, दुपारी ३.०१

काका तुम्ही कलमं विकून किती कमावता ते सांगा आधी. ज्ञान सगळे देतात. माझा मामेभाऊ ॲग्री करून बँकेत आहे, तीन वर्षात फ्लॅट घेतला. गावात वानरं आंबा खातात, डुक्कर भात खातं, उरलेलं भावकी खाते.


जांभाचिरा
१७ जून, संध्याकाळी ६.३०

भावकीवर उपाय विद्यापीठाकडेही नाही, मान्य. 😄 आणि आकडा सांगत नाही, पाऊस अवेळी आला त्या वर्षी नेपाळी गड्यांचा पगार घरातनं घातलाय. मी शेती कर असं म्हटलेलंच नाही तिला. तिनं विचारलं कॉलेज कशाला, तेवढ्याचं उत्तर दिलं.


कृषीकन्या_आठवीसेम
१७ जून, रात्री ९.१०

हॅलो! मी आत्ताच पास आउट झाले सो ताजं ताजं सांगते. आमची पोस्ट म्हणजे काका लोकांसारखी नाही, जे आठवेल ते लिहितेय.

पहिला शॉक इंग्रजी. सगळं इंग्रजीत. मी मराठी मीडियम, पहिल्या लेक्चरला सर 'वीड' 'वीड' म्हणत होते आणि मी वहीत गहू लिहिलं, तण म्हणतायत ते दुपारी कळलं. दोन महिन्यात सवय होते, रडू नको.

दुसरं हर्बेरियम आणि किड्यांचा बॉक्स. तण उपटून पेपरात दाबून वाळवायचं आणि चिकटवायचं. हे ज्यानं ठरवलं तो दापोलीत जुलैमध्ये राहिला नसणार. काही वाळत नाही इथे! पेपर ओला, पान ओलं, चौथ्या दिवशी त्यावर बुरशी, त्या बुरशीचा पण रोगशास्त्राला नमुना देता आला असता. आम्ही शेवटी मेसच्या चुलीमागे गठ्ठे ठेवायचो. किड्यांच्या बॉक्समध्ये डांबरगोळी टाकायला विसरले तर माझा एक मस्त मोठा पतंग मुंग्यांनी रात्रीत खाल्ला, नुसती टाचणी आणि लेबल उरलं, लेबलवर नाव माझं.

प्रॅक्टिकलला स्पॉटिंग असतं. टेबलावर बशा, बेल वाजली की पुढं सरकायचं. बी ओळखा, खत ओळखा, कीड ओळखा. खतं शिकवताना मॅडमनी युरिया पाण्यात टाकून ग्लास हातात दिलेला, ग्लास गार पडतो, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आणि तुझ्यासाठी खास, दुधाची फॅट. जर्बर टेस्ट. बारीक मानेची काचेची नळी असते, ब्युटिरोमीटर. आधी १० मिली गंधकाचं आम्ल, त्यावर कडेने हळूच १०.७५ मिली दूध, मग १ मिली अमाइल अल्कोहोल, बूच घट्ट, रुमालात गुंडाळून हलवायचं. सगळं चॉकलेटी होतं आणि नळी अशी तापते की रुमालातून चटका बसतो. मग सेंट्रीफ्यूज पाच मिनिटं. बाहेर काढली की मानेत पिवळी पारदर्शक काडी उभी असते, ती वाचायची, तीच फॅट. आमच्या गावात संकलन केंद्रावर आमच्या म्हशीला कायम ६ च्या आत फॅट लागायची, आई म्हणायची पोरगा चोर आहे. मी एकदा घरून बाटलीत दूध नेलं, नीट ढवळून टेस्ट केली, ७ च्या वर! मग पुढच्या सुट्टीत केंद्रावर उभी राहून बघितलं तर तो पोरगा कॅन न ढवळता खालून नमुना घेत होता. साय वर येते ना. चोर वगैरे काही नव्हता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आता ढवळतो. आईला अजून पटलेलं नाही.

शेवटच्या वर्षात रावे असतं, म्हणजे गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम. गावात आपल्याला कृषीकन्या म्हणतात आणि मुलांना कृषीदूत, बॅनरबिनर लावतात, सरपंच फोटोला येतात. अर्धे विद्यार्थी फोटोपुरतंच करतात हे पण खरं. नंतर एक सेमिस्टर स्वतः धंदा चालवायचा असतो, रोपवाटिका, अळिंबी, कोंबड्या असं काहीतरी. आम्ही ब्रॉयलर केले. पहिल्या आठवड्यात ब्रूडरचा (पिल्लांना ऊब देतात तो) बल्ब उडाला आणि सकाळी पिल्लं एका कोपऱ्यात एकावर एक. मला अजून स्वप्नात येतं. पुढचे पाच आठवडे आम्ही रात्री पाळ्या लावल्या.


खाडीपलीकडे
१७ जून, रात्री १०.४४

कोणी मत्स्यचं बोलत नाही म्हणून मी बोलतो. रत्नागिरीला शिरगावला मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे. गुहागरची मुलगी, घराच्या खाली खाडी, आणि जिताडा-कोळंबी सोडून म्हशी? आणि डेअरी टेक्नॉलॉजी पण वेगळी असते, वरूड-पुसद आणि उदगीरला, पण तिकडे गणित लागतं.


वाडीतली_पोर
१८ जून, सकाळी ६.५०

काका मला मासे खायला आवडतात, म्हणून नको. 🙏 गणित सोडलंय मी.

कृषीकन्या ताई, बल्बचं वाचून पोटात कालवलं. आमच्याकडे दोन शेळ्या गेल्या पावसात अशाच गेल्या, कशाने ते कळलं पण नाही.


पशुवैद्य_रात्रपाळी
१८ जून, रात्री ११.५५

काल राहिलेलं लिहितो. रात्रीचा फोन होता तो गाभण गायीचा, आठवा महिना, बसली ती उठेना. आता लोक १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइन नंबरला फोन करतात तसं मलाही थेट करतात. गाडी जिथवर जाते तिथून खाली वाडीत वीस मिनिटं पाखाडी उतरून गेलो. गायीला रोग काही नव्हता. बरगड्या मोजता येत होत्या. जानेवारीपासून नुसता पेंढा आणि डोंगरावरचं वाळकं गवत. सलाईन लावली, कॅल्शियम दिलं, उठली, मालकानं माझे पाय धरले. पण मला माहीत आहे की पुढच्या वर्षी त्याच वाडीत त्याच महिन्यात परत बोलावणार.

हे मी तुला मुद्दाम सांगतोय. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी बघ. म्हैस माजावर येत नाही. गाय गाभण राहत नाही, तीन वेळा भरवली. दूध आटलं. कातडं चाटते, चिंध्या खाते. जनावराला खायला नाही, खनिज मिश्रण नाही, पोटात जंत, अंगावर गोचीड, पाणथळीत चरतं म्हणून यकृतात चपटे कृमी. मी सुई मारतो. सुईनं गवत उगवत नाही. घाटावरून एचएफ (होल्स्टीन, जास्त दुधाच्या विदेशी गायी) आणणारे दोन जण माझ्या भागात झाले, दमट हवेत ती जनावरं धापा टाकत उभी असायची, खूर कुजले, एकानं विकली, दुसऱ्याची मेली. कोकण कपिला ही आपली नोंद झालेली जात आहे, लहान चणीची, दूध कमी देते पण इथल्या उतारावर आणि पावसात टिकते. तिच्याकडून किती अपेक्षा करायची, तिला काय घालायचं, वळू कुठला ठेवायचा, हे प्रश्न माझ्या दवाखान्याचे नाहीत. ते त्या दापोलीच्या विभागाचे प्रश्न आहेत.

एक उदाहरण. पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया. १०० किलो पेंढा, ४ किलो युरिया, ४०-५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर शिंपडायचा, तुडवून हवाबंद झाकायचा, २१ दिवस. उघडलं की अमोनियाचा नाकात झणका, थोडा वेळ पसरून वारा द्यायचा मग घालायचा, सुरुवातीला थोडा थोडा. पेंढा मऊ पडतो, जनावर जास्त खातं, त्यातली प्रथिनं वाढतात. (सगळ्यांना हात जोडून: युरिया असाच कोरडा किंवा पाण्यातून जनावराला देऊ नका, विषबाधा होऊन मरतं. लहान वासरांना आणि शेळ्यांना हा पेंढा नको.) हे मी दहा वर्षं तोंडानं सांगतोय, एकानं केलं नाही. दोन वर्षांपूर्वी रावेची पाच मुलं आमच्या एका गावात आली, त्यांनी एका मावशीच्या पडवीत ते करून दाखवलं, एकवीस दिवसांनी उघडायला अर्धी वाडी जमली. आता त्या वाडीत तीन घरं दर वर्षी करतात. मला तिथून फोन कमी येतात, खरंच.

म्हणजे वेटरनरी सोड असं म्हणत नाही. तुला आत हात घालून रेडकू काढायचं असेल तर दुसरा रस्ता नाही, नीट दे. पण म्हैस अडूच नये, अंगात ताकद असावी, हे तुला जास्त ओढत असेल तर ॲग्री हा खालच्या पायरीचा पर्याय नाही. नीट विचार कर (दोन्ही अर्थांनी).


कुडाळचो_बाबलो
१९ जून, सकाळी ८.२०

मी शिकलंय नाय, आठवी नापास. माझ्याकडे ३८ बकऱ्यो आसत, सगळी कन्याळ. काळी, तोंडार नाकापासून कानापर्यंत दोनय बाजूक धवो पट्टो. पैल्या वर्सा पावसात ९ मेल्यो. वल्या जमनीर बांधी होतंय, मुतात नि चिखलात रवत, खोकला, हगवण, खूर कुजले. मगे निळेलीच्या विद्यापीठाच्या फार्मार गेलंय, थयल्या सायबान इचारल्यान, बाबल्या तू रात्री वल्यात झोपशीत काय? मी म्हटलंय नाय. तर ती कित्याक झोपतली? जमनीपासून दोन-अडीच हात वर माचाण घाल, पट्ट्यांमधून लेंडी खाली पडाक होयी. घातलंय. पावसाआधी पीपीआर ह्या बकऱ्यांच्या रोगाची नि आंत्रविषाराची लस, जंताचा औषध. तेच्यानंतर पावसात एक मेली, ती पण सापान खाल्ल्यान.

चेडवा, तुझ्या दोन बकऱ्यो कशान मेल्यो ता माका हयसून दिसता. सुई मारूक डॉक्टर येतलो. माचाण घालूक तो येवचो नाय.


विरारलोकल
१९ जून, सकाळी ९.००

बाबलो भाऊ 🙏 हे मात्र मानलं.


वाडीतली_पोर
२१ जून, रात्री ८.१५

सगळ्यांचं सगळं वाचलं. काही दोनदा. आई स्वयंपाकघरातून "काय एवढं वाचतेस" तर तिला पण वाचून दाखवलं, फॅटचं ऐकून ती म्हणाली आमच्या केंद्रावरचा पण ढवळत नाही.

बाबांना पूर्ण धागा वाचून दाखवला. ते मध्ये एक शब्द बोलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, ते कल्टारचं परत वाच. परत वाचलं. आज सकाळी उठले तर बाबा परड्यात सुंभ घेऊन, आणि मला म्हणतात ते टोक धर. मोठं कलम नऊ मीटर आलं. २७ मिली. बाबा औषधाचं बूच बघत उभे, मग सुनीच्या (लहान बहीण) खोकल्याच्या औषधाचं माप घेऊन आले, म्हटलं बाबा ते नको, ते तिच्या तोंडात जातं, तर म्हणाले हां, नवीन आणू.

माझं असं झालंय की डॉक्टर काकांचं ते वाक्य, सुईनं गवत उगवत नाही, त्यावर अडकलेय. त्या रात्रीची आमची म्हैस पण हाडकुळीच होती. तेव्हा मला फक्त हात दिसला.

एकच भीती आहे. ॲग्री घेतली आणि दोन वर्षांनी परत वाटलं की डॉक्टरच व्हायचं होतं तर?


पशुवैद्य_रात्रपाळी
२१ जून, रात्री १०.३०

वाटेल. मलाही दर पावसाळ्यात वाटतं की ॲग्री घेऊन बँकेत गेलो असतो तर या वेळी झोपलो असतो. वय आहे तुझ्याकडे, पहिल्या वर्षात असताना नीट परत देता येते, देतात मुलं. पण दोन्हीकडे एक एक पाय ठेवलास तर दोन्हीकडे नापास.


कृषीकन्या_आठवीसेम
२१ जून, रात्री १०.४१

आणि फॉर्म भरताना प्रायोरिटी नीट लाव. खाजगी संलग्न कॉलेजं पण असतात, पदवी त्याच विद्यापीठाची, पण फी बघ, शेत बघ, गोठा बघ. काही ठिकाणी गोठा म्हणजे एक जर्सी आणि तिच्यामागे भिंतीवर फ्लेक्स. दापोली शासकीय वर टाक. उद्यानविद्या आणि वनशास्त्र पण दापोलीतच आहेत, यादीत कोड सारखे दिसतात, माझ्या मैत्रिणीनं घाईत वनशास्त्र टाकलं आणि आता ती मजेत जंगलात फिरते, पण तिला फिरायचं नव्हतं.


वाडीतली_पोर
३० ऑगस्ट, संध्याकाळी ७.०५

अपडेट! पहिल्या राउंडला खाजगी लागलेलं, घेतलं नाही, बाबा चिडले. तिसऱ्या राउंडला दापोली लागलं. बीएससी ॲग्री, शासकीय. सोमवारी बाबांबरोबर धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळ, तिथून एसटी. हॉस्टेल मिळालं. नीट परत देणार नाही असं आत्ता तरी ठरवलंय, आत्ता तरी.

शेळ्यांना माचाण घातलंय. बाबा, मी आणि शेजारचा दादा, जुन्या पडवीचे वासे आणि पोफळीच्या पट्ट्या. बाबलो काका, पट्ट्यांतलं अंतर आधी जास्त झालं, एका करडाचा पाय अडकला, मग परत काढून ठोकलं.

यादीत गमबूट लिहिलेत. मापाचे घेऊ की मोठे? आणि कुठले चांगले?


कुडाळचो_बाबलो
३० ऑगस्ट, रात्री ८.३०

शाब्बास गो बाय! अंतर बोटभर. लेंडी पडाक होयी, खूर नाय.


कृषीकन्या_आठवीसेम
३० ऑगस्ट, रात्री ८.५२

एक नंबर मोठे घे, आत जाड मोजे लागतात नाहीतर पोटऱ्या सोलतात. कंपनी कुठलीही, तळ खरबरीत बघ, तिथल्या लाल मातीवर सपाट तळ म्हणजे रोज आपटणे. आणि आत नाव लिही, चिखलात सगळे सारखेच दिसतात. पांढरा एप्रन दोन घे. पहिला पहिल्या आठवड्यात लाल होतो, तो परत पांढरा होत नाही.


पशुवैद्य_रात्रपाळी
३० ऑगस्ट, रात्री ११.२०

अभिनंदन ताई. निघायच्या आधी बॅटरीला जंताचं औषध झालं का बघ, आणि कानात टॅग मारला नसेल तर दवाखान्यातून मारून घे, बारा आकडी नंबर असतो, पुढे लस, विमा, विक्री सगळं त्यावर.


वाडीतली_पोर
३१ ऑगस्ट, सकाळी ७.३०

टॅग कालच मारला. पिवळा आहे, तिला आवडलेला नाही, सारखा कान झटकते. नंबर बाबांनी वहीत लिहून ठेवलाय, कल्टारच्या मापांच्या खाली.